क्यू उशिरा मिळाली तरी चालेल, तारीख खरी सांगा

पूल या बिलियर्ड्ससारख्या टेबलावरच्या खेळात चेंडू मारायची काठी, म्हणजे क्यू, हाताने घडवलेली मागवायची, तर थांबायची तयारी ठेवलीच पाहिजे, याबद्दल माझे कोणाशीही दुमत नाही. नाशिकला कॉलेज रोडवरच्या ज्या पूल पार्लरमध्ये आम्ही काही मंडळी कामावरून सुटल्यावर खेळायला जमतो, तिथे हा विषय निघाला की नेहमी दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणणे असे, की पैसे मोजले आहेत तर वस्तू ठरल्या दिवशी हातात पडलीच पाहिजे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की कारागिराच्या मागे तगादा लावू नये, काम चांगले हवे असेल तर गप्प बसावे. या वादात मुख्य मुद्दा निसटतो, असे मला वाटते. वेळ लागणे हा क्यूच्या कामाचाच भाग आहे. पण जी तारीख आपल्याला पाळता येणार नाही हे स्वतःला ठाऊक आहे, ती ग्राहकाला देणे हा त्या कामाचा भाग नाही, आणि माझी सगळी तक्रार या दुसऱ्या गोष्टीपुरतीच आहे.

वेळ का लागतो ते आधी सांगितले पाहिजे, नाहीतर कारागिरावर अन्याय होईल. पूलची क्यू साधारण 58 इंच लांब आणि 18 ते 21 औंस वजनाची असते आणि मधोमध पिनच्या जॉइंटने जोडलेली असते. पुढचा भाग म्हणजे शाफ्ट. तो बहुधा उत्तर अमेरिकेतल्या कठीण मेपलचा असतो आणि चामड्याची टिप जिथे बसते त्या टोकाला त्याचा व्यास 13 मिलिमीटरच्या आसपास असतो. मी अंबडला एका टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे लेथ, म्हणजे जॉब फिरवत ठेवून तासायचे यंत्र, रोजच्या पाहण्यातला आहे. लेथवर स्टीलचा साधा जॉब एका पाळीत उतरतो. लाकडाचे तसे नसते. झाड वाढत असताना लाकडात ताण साठत जातात, आणि बाहेरचा थर काढला की आतला ताण मोकळा होऊन सरळ दिसणारा दांडा हळूहळू एका बाजूला वळतो. म्हणून चांगला कारागीर इंचभर जाडीच्या दांड्यावरून एका वेळी अगदी थोडे लाकूड काढतो, दांडा उभा टांगून ठेवतो, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा लेथवर चढवतो आणि तोवर तो वाकला असेल तर सरळ बाजूला टाकतो. असे अनेकदा करून शाफ्ट शेवटच्या मापावर आणला जातो, आणि शेवटच्या कटानंतर तो वाकला, तर आधीचे सगळे महिने वाया जातात.

हवेतल्या दमटपणाचाही यात मोठा वाटा असतो. सापेक्ष आर्द्रता 50 टक्के असली की लाकडातला ओलावा 9 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो आणि आर्द्रता 80 टक्क्यांवर गेली की तो 16 टक्क्यांच्या जवळ जातो. एप्रिलमधली कोरडी हवा आणि जुलैत कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर धरणारी बुरशी ज्याने पाहिली आहे, त्या नाशिककराला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. ज्या लाकडाला कारखान्यात पुरेसा वेळ मिळालेला नाही, ते इथल्या पहिल्याच पावसाळ्यात आपली वाट धरते. त्यामुळे कोणी कारागीर मला म्हणाला, की शाफ्ट अजून टांगलेला आहे आणि मी त्याला हात लावणार नाही, तर मी त्याचे आभारच मानीन.

मागच्या भागाचे, म्हणजे बटाचे, काम वेगळ्या तऱ्हेने वेळखाऊ असते. ज्या क्यूवर एबनी किंवा रोझवूड या गडद लाकडांचे टोकदार पॉइंट मेपलमध्ये वर चढत गेलेले दिसतात, तिथे आधी मेपलमध्ये इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचा पाडाव्या लागतात, त्यांत रंगीत व्हिनिअरच्या पातळ पट्ट्यांसह दुसरे लाकूड चिकटवावे लागते, आणि ते सगळे पूर्ण वाळल्यावरच पुन्हा गोल उतरवावे लागते. क्यू हातात घेऊन सावकाश फिरवून पाहावी. चारही पॉइंट एकाच उंचीवर संपत असतील आणि व्हिनिअरच्या रेघा टोकाशी सुईसारख्या मिळत असतील, तर मधला अक्ष केसभरही हललेला नाही असे समजावे. एक पॉइंट जरा आखूड असेल, तर घाई कुठे झाली तेही तिथेच कळते. त्यानंतर जॉइंट, वजनाचा तोल, मुठीवरचा आयरिश लिननचा धागा आणि वरचे फिनिश, ज्याला वाळून कडक व्हायला त्याचा स्वतःचा वेळ द्यावाच लागतो.

या कामात ज्यांचे नाव सर्वात आदराने घेतले जाते, ते जॉर्ज बालाबुष्का 1912 मध्ये रशियात जन्मले, लहान वयात अमेरिकेत आले आणि 1959 पासून 1975 मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी क्यू घडवल्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून साधारण हजार-बाराशे क्यूच झाल्या, असे मानले जाते. मला याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की पॉइंट बसवलेले कच्चे दांडे ते बऱ्याच अंशी दुसऱ्यांकडून घेत असत. सुरुवातीला ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट क्यूंचे, नंतर बर्टन स्पेन यांचे आणि शेवटच्या वर्षांत गस झाम्बोटी यांचे. म्हणजे एवढ्या मोठ्या कारागिराचे वेळापत्रकही दुसऱ्याच्या लेथवर अवलंबून होते. लाकूड पुरवणारा, दांडा देणारा, फिनिश करणारा यांपैकी एकजण अडला की सगळे अडते, हे ज्याने कुठल्याही वर्कशॉपात काम केले आहे त्याला ठाऊक असते.

मग तारखा हुकतात त्या याच कारणांनी का? थोड्याफार प्रमाणात होय. परंतु लाकूड सुकायला किती वेळ लागतो हे कारागिराला ग्राहकापेक्षा कितीतरी चांगले माहीत असते, आणि माहीत असलेल्या गोष्टीने तारीख चुकत नाही. ती आधीच धरून तारीख द्यायची असते. माझ्या समजुतीप्रमाणे खरे कारण पैशाच्या ओघात आहे. एकट्या माणसाचे वर्कशॉप असते. त्याने मागणीबरोबर घेतलेली आगाऊ रक्कम लाकडात, भाड्यात आणि घरखर्चात केव्हाच संपलेली असते. जुन्या मागणीचे काम पूर्ण केले तर उरलेली रक्कम मिळणार, पण ती महिन्यांनी. टिप बदलणे, जुनी क्यू पुन्हा फिनिश करणे या कामांचे पैसे आज मिळतात, आणि नवी मागणी घेतली तर तिची आगाऊ रक्कमही आजच मिळते. म्हणून नवी मागणी घेतली जाते, आणि ती मिळावी म्हणून ग्राहकाला आवडेल अशी तारीख दिली जाते. रांग अशी मागून वाढत जाते. त्यात काही वर्षांपूर्वी ठरलेल्या किमतीत आजचे लाकूड परवडत नाही, त्यामुळे तीच चांगली मेपल आणि तेच हात कोणाच्याही मागणीशिवाय बनवलेल्या, लगेच आणि चढ्या दराने विकल्या जाणाऱ्या क्यूकडे वळतात. यात दुष्टपणा असतोच असे मी म्हणणार नाही. परंतु रांगेत उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीही सांगितले जात नाही, याला मी अप्रामाणिकपणाच म्हणतो.

मी स्वतः 2019 मध्ये अमेरिकेतल्या एका कारागिराकडे क्यू मागवली होती. त्याचे नाव इथे लिहीत नाही. बर्ड्‌ज आय मेपलचा बटाचा पुढचा भाग, कोकोबोलो या रोझवूडचे चार पॉइंट, लिननची मूठ, आणि मुदत 18 महिने, असे ठरले आणि निम्मी रक्कम मी पाठवली. 2020 साल सगळ्या जगाचेच थांबले होते, त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. त्यानंतर मात्र दर वेळी ‘पुढच्या महिन्यात नक्की’ असे उत्तर येऊ लागले, आणि एकदा असे आले, की रोझवूडच्या कागदपत्रांमुळे क्यू पाठवता येत नाही. या उत्तराने मला खरोखर वाईट वाटले. रोझवूडचा संपूर्ण डाल्बर्जिया गट 2 जानेवारी 2017 पासून साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती आणि प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला, हे खरे आहे. कोकोबोलो त्यात आहे आणि आपली शिसवही त्यात आहे. पण नोव्हेंबर 2019 च्या अखेरीपासून एका पार्सलमध्ये या लाकडाचे वजन 10 किलोपर्यंत असेल तर तयार वस्तूंना त्यातून सूट मिळते, आणि अख्ख्या क्यूचे वजन जेमतेम अर्ध्या किलोच्या वर असते. ब्राझिलियन रोझवूड असते तर गोष्ट वेगळी होती, कारण ते 1992 पासून सर्वात कडक परिशिष्टात आहे. माझ्या क्यूत ते नव्हते. त्याच सुमारास त्याच वर्कशॉपच्या ताज्या क्यूंची छायाचित्रे विक्रीसाठी झळकत होती आणि त्यांतल्या काहींवर कोकोबोलोही होते.

क्यू अखेर 2023 मध्ये आली. मागणी दिली तेव्हा डॉलर 70 रुपयांच्या आसपास होता. उरलेली रक्कम भरताना तो 82 च्या पुढे गेला होता, आणि हा फरक अर्थातच माझ्याच खिशातून गेला. क्यू उत्तम आहे, हे मी मोकळेपणाने सांगतो. जॉइंट फिरवत आणला की शेवटच्या आट्याला तो घट्ट होत जातो, आणि दोन्ही भाग मिळतात तिथून नख फिरवले तरी अडत नाही. ज्या हातांना हे साधते त्या हातांना दोन ओळींचे खरे उत्तर लिहिणे अवघड का जावे, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

माझे नुकसान थोडे पैशाचे आणि बरेचसे मनस्तापाचे, एवढ्यावर भागले. आमच्या पार्लरमध्ये एक कॉलेजातली मुलगी खेळते, तिचे तसे भागले नाही. तिच्या वडिलांनी मोठ्या हौसेने तिच्यासाठी क्यू मागवली होती आणि राज्याच्या निवड स्पर्धेच्या चार महिने आधी ती मिळेल असा शब्द त्यांना मिळाला होता. नवी क्यू हातात बसायला तेवढा काळ लागतोच. प्रत्येक शाफ्टवरून साइड, म्हणजे बाजूने फिरकी, दिलेला चेंडू थोडा वेगळा सरकतो आणि नजरेला तो फरक नव्याने शिकावा लागतो. तारीख पुढे गेली, मग पुन्हा गेली. स्पर्धेच्या आधी मी तिच्या जुन्या क्यूची टिप पाहिली, तर ती घासून फेरूलला, म्हणजे टिपेखालच्या कड्याला, टेकायच्या बेतात होती आणि वरचा भाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता. टिप घसरू नये म्हणून तिला लावायचा खडूही ती धरत नव्हती.

‘‘अगं, ही बदलून का नाही घेतलीस?’’ मी विचारले.

‘‘काका, नवी येणार म्हणून राहिली. दर वेळी वाटायचं, आता आठ दिवसांसाठी कशाला खर्च करायचा.’’

तिने ती स्पर्धा त्याच टिपवर खेळली, आणि ऐन मोक्याच्या वेळी पांढऱ्या चेंडूवरून टिप घसरली. चुकीच्या तारखेने होणारे खरे नुकसान ते हे. क्यूला 3 वर्षे लागतील असे तिच्या वडिलांना पहिल्याच दिवशी कळले असते, तर त्यांनी तिला कंपनीची तयार क्यू घेऊन दिली असती, हल्ली मिळतात त्यांपैकी एखादा कार्बन फायबरचा शाफ्ट घेतला असता, निदान टिप तरी बदलली असती. ‘पुढच्या महिन्यात’ या दोन शब्दांनी त्यांचे सगळे निर्णय अडवून ठेवले. खेळाडूचा एक हंगाम गेला तर तो आगाऊ रकमेसारखा परत मागता येत नाही.

आपल्या जिल्ह्यात येवल्याला पैठणी विणतात. हातमागावरच्या भरजरी पैठणीला महिनोन्‌महिने लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही, कारण ग्राहक येवल्याला जाऊन मागावर किती वीत कापड झाले आहे ते डोळ्यांनी पाहू शकतो, आणि लग्नाची तिथी गाठणार नसेल तर वेळेत दुसरी साडी घेऊ शकतो. समुद्रापलीकडच्या वर्कशॉपात आपल्याला डोकावता येत नाही, म्हणून तिथल्या कारागिराने दोन ओळी कळवण्याची जबाबदारी अधिक आहे. शाफ्ट कितव्या कटावर आहे, पॉइंट बसले आहेत की नाही, फिनिशला गेली की नाही, एवढे कळले तरी पुरते. मग तारखेची गरजही फारशी उरत नाही. काही कारागीर याप्रमाणे वागतात. मागणी नोंदवून घेतात, पण नंबर लागून लाकूड निवडेपर्यंत एक पैसाही घेत नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्यांचीही त्यांच्याबद्दल तक्रार नसते. लास व्हेगासच्या साउथवेस्ट क्यूंची प्रतीक्षायादी तर खेळाडूंमध्ये प्रसिद्धच आहे, तरी लोक आनंदाने नाव नोंदवत आले आहेत, कारण रांग लांब आहे हे तिथे कोणापासून लपलेले नाही.

पार्लरमध्ये कोणी मला विचारले, की बाहेरून क्यू मागवू का, तर मी जरूर मागवा असेच सांगतो. फक्त पैसे पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्यायला सांगतो: आपल्या आधी किती मागण्या आहेत, उशीर झाला तर ठरलेली किंमत तीच राहील का, आणि किती काळ लोटल्यावर आगाऊ रक्कम मागितली तर परत मिळेल. या प्रश्नांना सरळ उत्तर देणाऱ्या कारागिराने 5 वर्षे सांगितली तरी त्याच्याकडे मागणी द्यावी. तोवर हातातल्या क्यूची टिप वेळच्या वेळी बदलत राहावी, आणि नवी क्यू आलीच आहे असे धरून कुठल्याही स्पर्धेची तयारी करू नये.