पहारेकऱ्याचं जेवण

सोमवार, रात्री

काल मंडळाच्या कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानले. चहावाल्यांपासून हॉलच्या खुर्च्या लावणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं आली. रविवारची मराठी शाळा आली नाही. मी टाळ्या वाजवत बसले. गाडीत हे म्हणाले, "अगं, राहिलं असेल चुकून." असेल. पण माझंच का राहतं? इतकी वर्षं बाराखडी गिरवून घेतेय, आजारपणात वर्ग घेतलेत. आईला फोन करणार होते, नाही केला. आवाजावरून तिला कळलं असतं.

आज पॉपलर अव्हेन्यूच्या वाचनालयात पुस्तकं परत करायला गेले आणि तिथेच बसून राहिले. इमारतीला नाव आहे बेंजामिन हूक्स यांचं. मग त्यांच्याविषयीच वाचत बसले.

हूक्स अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या याच मेम्फिसचे, जन्म १९२५चा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेले, तिथे इटालियन युद्धकैद्यांवर पहारा द्यायचं काम मिळालं. ज्या हॉटेलांत कैद्यांना जेवता यायचं, तिथे या पहारेकऱ्याला काळा म्हणून बंदी.

शत्रूचा शिपाई आत जेवणार आणि आपला बाहेर. माझं मन तिथून हलेना. वीस वर्षांचं पोर ते. भूक लागत असेल तेव्हा कुठे जात असेल? पोट भरून आलेला कैदी त्याच्या नजरेला नजर देत असेल का? आणि ज्यांनी हे ठरवलं त्यांना यात काहीच वावगं वाटलं नसेल, याचीच मला जास्त भीती वाटते.

माझ्या यादीची आणि याची तुलना होत नाही, होऊही नये. तरी काम घ्यायचं आणि माणूस मोजायचा नाही, हे दुखणं कळतं.

युद्ध संपल्यावर त्यांना वकील व्हायचं होतं. टेनेसीतलं एकही लॉ कॉलेज काळ्या विद्यार्थ्याला घेईना, म्हणून शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातून १९४८ साली पदवी घेतली. आणि पुन्हा मेम्फिस! जिथे कोर्टातले कारकूनसुद्धा अपमान करायचे, तिथे. शिकागोत राहिले असते तर कोण काय म्हणणार होतं? माणूस अशा गावी परत का येतो? (आमच्या सांगलीच्या घराचा विषय आज नको.)

लहानपणापासून ओढ मात्र चर्चची होती. वडिलांना ते पसंत नव्हतं. शेवटी १९५६ साली बाप्टिस्ट पाळकपदाची दीक्षा घेतली आणि वकिली सांभाळून ग्रेटर मिडल बाप्टिस्ट चर्चमध्ये उपदेश करू लागले. पुढे १९६५ साली न्यायाधीश झाले, १९७७ ते १९९२ एनएएसीपीचे, म्हणजे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे कार्यकारी संचालक होते. त्याच संघटनेच्या संस्थापकांपैकी एक काळे विचारवंत डु बॉइस. त्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं होतं, हे आठवलं आणि उगाच बरं वाटलं. २००७ साली राष्ट्राध्यक्षांच्या हातून स्वातंत्र्यपदक मिळालं. २०१० साली ८५व्या वर्षी गेले.

पण पदकापाशी मी थांबले नाही. मागे एका ओळीत होतं की वकिलीच्या दिवसांत हूक्स हॉटेलांतल्या धरण्यांमध्ये सामील व्हायचे. म्हणजे तेव्हाचा तो पहारेकरी पुढे तशाच बंद दारांतून आत जाऊन बसला. अपमान गिळला नाही आणि त्याचा कडवटपणा कुरवाळतही बसला नाही. रविवारी व्यासपीठ, सोमवारी कोर्ट. मला वाटत होतं, मोठं मन म्हणजे सोडून देणं. तसं नसावं.

वर्ग सोडायचा, असं काल रात्री ठरवलं होतं. आता नाही सोडणार. पोरांना आभारांच्या यादीशी काय देणंघेणं. त्यांचा 'ळ' अजून घोटून घ्यायचाय. पण मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहायला घेतलंय. शाळेचं नाव का आलं नाही, हे सरळ विचारलंय. पुढच्या वर्षी यादी करताना शाळेतल्या कुणाला तरी बसवा, असंही लिहिलंय. हे म्हणाले, "कशाला वाईटपणा घेतेस?" उद्या सकाळी पाठवते.