बाईंनी मोजायला लावलेली वाक्यं

इंग्रजीच्या बाईंनी मला दहावीपर्यंत शिकवलं, पण त्यांचा जो धडा आजही पुरतो, तो शाळा सोडून पाच वर्षं झाल्यावर मिळाला. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला जोसेफ कॉनरॅडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी नेमलेली होती. भाषेनं झपाटलो होतो आणि आतून दुखावलोही होतो.

मी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. गोष्टीतली बोट काँगो नदीतून वर निघाली की माझी नजर काठावर जायची. तिथे माणसं नव्हतीच. नुसते हात, पाय, आरोळ्या. बॉयलर सांभाळणाऱ्या काळ्या माणसाला तर तुमान आणि पिसांची टोपी घालून मागच्या पायांवर चालणाऱ्या कुत्र्याची उपमा. वर्गात सांगितलं गेलं, हे गोष्टीतला खलाशी मार्लो म्हणतो, लेखक नव्हे. शिवाय मार्लोची हकिगतही आपल्याला सांगतो तो थेम्सवरच्या बोटीत बसलेला दुसराच कोणी. मग कॉनरॅडला कसं धरणार?

मी नौपाड्यात बाईंच्या घरी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “मार्लो काय बोलतो ते वाचलंस. आता आफ्रिकन माणसं किती बोलतात ते मोजून ये.”

मोजलं. अख्ख्या कादंबरीत त्यांच्या तोंडी इंग्रजी शब्द दोनच प्रसंगी येतात. एकदा काठावरच्या माणसांना पकडून द्या, आम्ही खाऊ, असं म्हणायला. आणि एकदा कुर्ट्झ हा हस्तिदंत गोळा करणारा गोरा एजंट मेल्याची वर्दी द्यायला. नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी 1975 साली अमेरिकेत ॲमहर्स्टच्या व्याख्यानात नेमकं यावरच बोट ठेवलं होतं आणि कॉनरॅडला वर्णद्वेष्टा ठरवलं होतं, हे मला पुढे कळलं.

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कॉनरॅड 1890 मध्ये स्वतः काँगोत होता. बेल्जियमचा राजा लिओपोल्डच्या अमलाखालची हस्तिदंताची लूट त्यानं डोळ्यांनी पाहिली आणि 1899 मध्ये छापून आणली. 1903 मध्ये काँगोतला ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट याला लिहिलेल्या पत्रात त्या राजवटीचा निषेध आहे, आणि तिथे मध्ये कोणी मार्लो नाही. “ही चीडही त्याचीच आहे, तीही धर,” बाई म्हणाल्या.

मी दोन्ही धरतो. मार्लोची उपमा मार्लोच्या खाती टाकता येईल. पण कोणी बोलायचं आणि कोणी नुसतं ओरडायचं, हे लेखकच ठरवतो. लुटीची मनापासून चीड आलेल्या त्या माणसाला लुटला जाणारा मात्र पुरता माणूस दिसला नाही, असंच मला वाटतं.

तेव्हापासून मराठी कथाही मी तशाच वाचतो. दारात आलेली कोळीण भाव सांगते आणि पान उलटलं की नाहीशी होते. माझी आजी म्हावऱ्याची पाटी घेऊन याच नौपाड्यात फिरायची. रात्री घरी आली की जेवणं उरकून दिवा मालवला तरी तिचं बोलणं संपत नसे.