एसी आहे का?

रत्नागिरी. मे महिना, रविवार, दुपारचे साडेतीन. लाइट सकाळपासून येऊन-जाऊन आहे.

वहिनींच्या मनूला मुंबईतल्या जागांची यादी पाठवली आणि तिचं उत्तर आलं. "मस्त काकू! यातल्या कुठे कुठे एसी आहे?" पुढे घामाघूम झालेला एक पिवळा चेहरा. संपलं.

तेव्हापासून माझं काही खरं नाही. आमटीत मीठ दोनदा पडलं. वहिनी आढीतले आंबे बघायला बोलवायला आल्या, येते म्हटलं आणि गेले नाही. प्रश्न तसा साधा आहे. उद्धट नाही, खोचक नाही. मे महिन्यात मुंबईत राहणाऱ्या मुलीने दुसरं विचारायचं तरी काय? हे सगळं कळतंय. तरी लागलं. कुठे लागलं ते सापडत नाही, म्हणून ही वही काढली.

यादी तिनेच मागितली होती. "काकू, मुंबईतल्या तुमच्या उन्हाळ्यातल्या खास जागा लिहून द्या ना. आई सांगते, तुम्ही कसल्या स्टायलिश होतात!" असं कुणी म्हटल्यावर कुठली बाई दोन ओळींत आटपेल? मान अवघडेपर्यंत टाइप करत बसले. नुसत्या जागा नाही, वेळाही लिहिल्या. जागा बरोबर आणि वेळ चुकली की सगळं फुकट. एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या घ्या. १८३३ चा टाउन हॉल, तोंड पश्चिमेला. दुपारभर ऊन त्या दगडावर पडलेलं असतं, पाच वाजता बसलं तर साडीतून चटका बसतो. तिथे दिवे लागल्यावर जायचं, आणि बसायचं वर, खांबांपाशी. समोरची हॉर्निमन सर्कलची बाग मात्र भर दुपारी, कारण तिथली झाडं म्हातारी आणि घेरदार आहेत. काळ्या घोड्याजवळ डेव्हिड ससून लायब्ररी, १८७० ची. पिवळट दगडाच्या त्या इमारतीतल्या लांब आरामखुर्च्या! वर्गणी भरली की पुस्तक मांडीवर उघडं ठेवून डोळे मिटायची सोय. मागे छोटीशी बाग. फोर्टातल्या ऑफिसची जेवणाची सुट्टी मी तिथे काढायचे, डबा खालीच कुठेतरी घाईघाईने संपवून.

मग कयानी, धोबी तलावाचं इराणी हॉटेल, १९०४ चं. उंच छत, वर फिरणारे पंखे, संगमरवरी टेबलावर मनगटं टेकवून बसायचं आणि लालभडक रासबेरी सोडा मागवायचा. जीभ रंगते, हेही लिहिलं. चर्चगेटचं के. रुस्तम, १९५३ पासूनचं. दोन वेफरमध्ये आइस्क्रीमची जाड वडी. बसायला जागा नाही, फुटपाथवर उभं राहून, पुढे वाकून खायचं, निऱ्या गुडघ्यांत धरून. ते वाकणंसुद्धा जमावं लागतं. राणीची बाग, १८६२ ची, आत शिरल्यावर शहराचा आवाज मागे राहतो आणि गोरखचिंचेच्या बुंध्याशी माणूस आपोआप हळू बोलतो. बुधवारी बंद, हे कंसात. बाणगंगेचं तळं सूर्य कलल्यावर. खोताची वाडी सकाळी दहाच्या आत, लाकडी जिन्यांच्या घरांच्या सावल्या गल्लीभर पडलेल्या असतात तेव्हा.

कॅफे समोवार घातलं नाही. जहांगीर आर्ट गॅलरीतला तो लांबट व्हरांडा २०१५ मध्ये बंद झाला. लग्नपत्रिकेत कैलासवासी आजोबांचं नाव निमंत्रकांत घालतात, तसं घालावंसं फार वाटलं होतं. पुदिन्याचा चहा तिथला. जाऊ दे.

वाऱ्याचंही लिहिलं होतं. खरं तर भाट्याच्या पुलावर सायकल शिकलेल्या पोरीला वारा मी काय सांगायचा. सकाळी जमिनीवरून मतलई, दुपारी समुद्रावरून खारे वारे, ते रत्नागिरीला तसंच मुंबईला. मुंबईत मार्च-एप्रिलला कधीकधी हे खारे वारे सुटायला उशीर करतात, आणि त्या दिवशी पारा मे महिन्यालाही मागे टाकतो. सांताक्रूझचा उच्चांक एप्रिलचाच आहे, ४२.२ अंश, १४ एप्रिल १९५२. आम्ही ऑफिसात वाऱ्याची वाट बघायचो. खिडकीतलं कॅलेंडर हललं की सगळ्यांचे चेहरे बदलायचे.

एवढं सगळं. आणि उत्तर काय, एसी.

बरं, रागाच्या भरात मी खरंच तपासत बसले. यादी वरून खाली. लायब्ररीच्या बागेत, पायऱ्यांवर, तळ्याकाठी एसी कुठून असणार? राणीच्या बागेत आहे, पण तो पेंग्विनना. परदेशातले पाहुणे, त्यांची बडदास्त ठेवायलाच हवी. आणि एक जागा निघाली, तीच जरा जिव्हारी लागली. डबलडेकरचा वरचा मजला, सगळ्यात पुढची सीट.

ही माझी पहिल्या नंबरची जागा. १२३ नंबर मरीन ड्राइव्हवर वळली की समुद्र उजवीकडे का डावीकडे यावरून घरी चाललोय की ऑफिसला ते कळायचं, आणि समोरच्या खिडकीतून वारा असा यायचा की अंबाड्याच्या पिना जागेवर राहायच्या नाहीत. तिकीट काही रुपयांचं. त्या जुन्या गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, १९३७ पासून धावत होत्या. आता ज्या नव्या आल्यात त्या विजेवरच्या, आणि एसी. काचा बंद. म्हणजे जिथे मी वाऱ्यासाठी जायचे तेवढ्या एका जागी मनूची सोय झालेली आहे. मी यादीत लिहिलं होतं, "वरच्या मजल्यावर पुढे बस, वारा खा." काचेला नाक लावून खायचा काय?

हसले मी. पण नंतर रात्री झोप नाही. पंख्याकडे बघत पडले असताना एक वाईट विचार आला, आणि तो काही जाईना. या सगळ्या जागांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. त्या फुकट आहेत, किंवा फुकटासारख्या.

म्हणजे ती स्टाइल नव्हतीच का? परवडत नव्हतं, एवढंच होतं?

एकदा हा धागा हातात आला की उसवतच जातो. मंगळगिरी साड्या नेसायचे, सगळ्या म्हणायच्या काय निवड आहे. निवड कसली, खळ घालून रात्री दांडीवर टाकली की सकाळी तयार, लाँड्रीचे पैसे वाचायचे. बिनबाह्यांचे ब्लाउज, त्यावरून चाळीत काय काय बोलणं झालं. त्याला कापड कमी लागतं आणि काखेत घामाचे नकाशे उमटत नाहीत. मोठा काळा गॉगल अर्धशिशीमुळे. कानात चांदी, कारण सोनं तेव्हा कुठे होतं ते इथे लिहायला नको. एकेक करून सगळं उतरवत गेले, आणि खाली राहिली एक काटकसरी कारकून बाई. तिला लोक वर्षानुवर्षं फॅशनेबल समजले.

आणि आता ती इथे. गिरगावातलं घर सोडलं त्याबद्दल मी लिहीत नाही, ठरलेलं आहे. काल संध्याकाळी थिबा पॉइंटला गेले होते. खाडी, पूल, पलीकडे भाट्याची सुरूची रांग, खाली लोक सेल्फी काढतायत. मनात आलं, ब्रह्मदेशच्या या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं, १९१० मध्ये राजवाडा बांधून दिला आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. मंडाले सोडून बाकी सगळं होतं त्याच्याकडे. डोळे भरूनसुद्धा आले माझे. मग शेजारच्या बाकावरचा मुलगा भेळेच्या कागदाचा बोळा खाली टाकायला निघाला, त्याला ओरडले, आणि ते ओसरलं. मला इंग्रजांनी हद्दपार केलेलं नाही. मेंटेनन्स वाढला म्हणून आले. राजवाडाही नाही, दोन खोल्या आणि पडवी.

घरी येताना रीगल आठवलं. हे मात्र यादीत नव्हतं, का नव्हतं ते आत्ता लिहिताना कळतंय. १९३३ चं थिएटर, बांधलं तेव्हापासून वातानुकूलित. पगाराच्या आठवड्यात, मे महिन्यात, मी मॅटिनीचं तिकीट काढायचे तेव्हा पोस्टरकडे बघायचेसुद्धा नाही. खिडकीवरच्या माणसाला विचारायचे, "एसी चालू आहे ना?" हाच प्रश्न. शब्दसुद्धा तेच. आत शिरल्यावर घाम मानेवरच थिजायचा आणि पहिल्या पंधरा मिनिटांतलं पडद्यावरचं काही कळायचं नाही, इतकं सुख. शेजारच्या खुर्चीवर कोण असायचं हा वेगळा विषय.

म्हणजे काटकसर तरी कुठे धड होती! परवडत नसताना बाल्कनीचं तिकीट काढणारी बाई काटकसरी नव्हे. आणि लाँड्रीचे पैसे वाचवायचे तर साध्या छापील साड्या होत्याच की, त्याहून स्वस्त. ती मंगळगिरीची जांभळी, हिरव्या काठांची, मी दुकानात पुन्हा पुन्हा जाऊन, ठेवून देऊन, शेवटी उचलली होती. गॉगल अर्धशिशीचा, कबूल. पण त्याची फ्रेम तशी मोठी घ्या असं काही डॉक्टरांनी लिहून दिलं नव्हतं.

हे कुणाला पटवायचं आहे मला? मनूला? ती तिकडे कधीच विसरली असेल.

आज सकाळी वहिनींकडे गेले एकदाची. आढीतले आंबे उलथेपालथे करून झाले, बिटक्या वेगळ्या काढल्या, लाइटला शिव्या घालून झाल्या. मग त्या सहज म्हणाल्या, "मनूचं काय वो, ऑफिसात एसी इतका, की शाल नेते. आणि खोलीवर चौघी, एक पंखा. रविवारी दुपारी जायचं कुठे तेच कळत नाही तिला. मॉलात किती वेळा बसणार, काही घेतलं नाही तर लाज वाटते म्हणे. म्हणून तुम्हाला विचारत होती."

मी आंबा हुंगत होते, तो तसाच नाकाशी धरून राहिले.

म्हणजे पोरगी स्टाइल विचारतच नव्हती. आणि मी मात्र तिला वाकून आइस्क्रीम कसं खायचं ते शिकवत होते. काही न घेता, न लाजता, दुपारचे तीन तास कुठे काढता येतील एवढाच तिचा सवाल, आणि त्यात माझ्याइतकं तयारीचं माणूस तिला अख्ख्या रत्नागिरीत मिळणार नव्हतं. स्टाइलचं नाव काढलं ते काकूला बरं वाटावं म्हणून. वहिनींनी शिकवलं असणार. वहिनी काय चीज आहेत ते मला ठाऊक आहे.

घरी येऊन लगेच लिहिलं. ससून लायब्ररीची वर्गणी आधी विचारून घे, ती पहिल्या पगारातून भर, साड्या-चपला नंतर. रविवारी उघडी किती वाजेपर्यंत तेही विचार. राणीच्या बागेत पेंग्विनच्या रांगेत उभी राहू नकोस, झाडांकडे जा, पाण्याची बाटली घरून ने. डबलडेकरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा आणि तशीच परत ये, कुणी काही विचारत नाही, एसी आहे. रीगलला काय लागलंय ते बघायची गरज नाही.

याला उत्तर ताबडतोब आलं. तीन हसरे चेहरे, एक हात जोडलेला, आणि खाली: "काकू, अजून एक. आईने तुमचा तो जुना फोटो पाठवला, गेटवेवरचा. तो ब्लाउज कुणाकडून शिवायचात? अजून आहेत का ते टेलर?"

आहेत. त्याच गल्लीत, आता मुलगा बसतो मशीनवर, पण मापं अजून म्हातारेच घेतात. परवा दिवाळीला गेले तेव्हा माझंच माप न घेता त्यांनी कापड कापलं.

मनूला लिहिलं, "बघते आठवून." लायब्ररी सांगितली, बस सांगितली, रीगलसुद्धा सांगितलं. टेलर मी सख्ख्या बहिणीला सांगितलेला नाही.