‘टॉय स्टोरी २’च्या एक्स्ट्रांना मराठी सबटायटल: काम कुठवर आलं

चित्रपटाची मराठी फाईल लागली. उरलेत ते एक्स्ट्रा, म्हणजे डिस्कवर चित्रपटासोबत येणारे मेकिंग, मुलाखती असे जादा तुकडे, आणि खरी डोकेदुखी तिथंच आहे. त्यातल्या बऱ्याच गोष्टी चित्रपटाच्या हिशोबानं चालतच नाहीत.

आधी चित्रपटाचा हिशोब. १९९९ चा हा सिनेमा ९२ मिनिटांचा. ब्ल्यू-रेवर तो सेकंदाला २३.९७६ फ्रेमनं चालतो. पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर त्याच फ्रेमा २५ च्या वेगानं पळवलेल्या असतात, म्हणून तिथं तो साधारण सव्वाअठ्ठ्याऐंशी मिनिटांत संपतो. ब्ल्यू-रेवरून बेतलेली एसआरटी (सबटायटलची साधी मजकूर-फाईल) पाल डिस्कवर लावली की दर मिनिटाला जवळजवळ अडीच सेकंद मागं पडते आणि शेवटाकडं पावणेचार मिनिटांचं अंतर होतं. ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममध्ये फ्रेमरेट बदलायचा पर्याय आहे, तिथं २३.९७६ वरून २५ करायचं. म्हणजे प्रत्येक ओळीच्या वेळेला ०.९५९०४ नं गुणलं जातं. त्यानंतरही पहिली ओळ पुढंमागं राहिली तर सुरुवातीच्या लोगोंचा फरक असतो, तो सगळ्या ओळींना सारखा सरकवून काढायचा. आधी गुणाकार, मग सरकवणं. उलट केलं तर सरकवलेले सेकंदही गुणले जातात, आणि १० सेकंदांमागं ०.४ सेकंदाची चूक राहते.

आपली डिस्क पाल की एनटीएससी (अमेरिका-जपानातली पद्धत) हे खोक्यावर पाहून ठरवू नका. फाईलची माहिती उघडा: उंची ५७६ असेल तर पाल, ४८० असेल तर एनटीएससी. बाजारात दोन्ही फिरतात.

आता एक्स्ट्रा. मेकिंग, मुलाखती वगैरे बहुतेक वेळा व्हिडिओवरच, सेकंदाला २९.९७ फ्रेमच्या हिशोबानं तयार झालेलं असतं. पाल डिस्कसाठी ते पळवत नाहीत, त्याचं रूपांतर करतात. लांबी तीच राहते, फक्त दोन फ्रेमा एकमेकींत मिसळून भुतासारखी सावली दिसते. अशा तुकड्याला ०.९५९०४ नं गुणलं की बरोबर असलेली फाईल बिघडते. त्यामुळं प्रत्येक एक्स्ट्राची पहिली आणि शेवटची ओळ कानानं जुळवून पाहायची, मगच गुणायचं की नाही ते ठरवायचं. मेकिंगमध्ये मधेमधे चित्रपटातले प्रसंग येतात, तेही मूळ वेगातच असतात. पाल चित्रपटाच्या फाईलमधून त्या ओळी उचलून चिकटवल्या तर लांब प्रसंगात त्या आधीच येऊन जातात. आवाजावरूनही ओळखू येतं: पाल चित्रपटात वूडीचा आवाज थोडा चढा लागतो, अर्धस्वराच्या सुमारे ७० टक्के. मुलाखतीतल्या क्लिपमध्ये तोच आवाज मूळ पट्टीत येतो.

डिरेक्टरच्या कॉमेंटरीला मात्र चित्रपटाचाच हिशोब लागू, कारण ती चित्रपटाच्याच चित्रावर दुसरा ऑडिओ म्हणून बसलेली असते.

श्रेयनामावलीतल्या खोट्या ‘चुकलेल्या टेक’साठी वेगळी काळजी घ्या. पात्रं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, मागून क्रूचा आवाज येतो. दोघांच्या ओळी एकाच वेळी आल्या तर प्रत्येकीपुढं छोटी रेघ द्यायची, तिसरा आवाज सरळ सोडून द्यायचा. यातला स्टिंकी पीट आणि बार्बींचा तुकडा २०१९ च्या नव्या आवृत्तीतून काढला गेला. जुन्या डिस्कवर बेतलेली फाईल नव्या आवृत्तीवर तिथून पुढं घसरणारच. दोन फाईली वेगळ्या ठेवा, एकीवर भागवायला जाऊ नका.

वाचनाचा वेग सेकंदाला १२ अक्षरांच्या आसपास धरलाय. चौथी-पाचवीतले पोट्टे बघणार असतील तर १० बरा. वाक्य कापलं तरी चालतं, ओळ पळाली की पोट्टे वाचायचंच सोडून देतात.

अक्षरं तुटण्याची तक्रार सगळ्यांची आहे. फाईल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरीही सांभाळणारी अक्षरं साठवायची पद्धत) साठवली नसेल तर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात, ते सोपं आहे. पण यूटीएफ-८ असूनही टीव्हीच्या पेनड्राइव्ह-प्लेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाते आणि जोडाक्षराचा पाय मोडतो. दोष फाईलचा नाही, त्या प्लेअरला देवनागरीची जुळणीच येत नाही. संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये तीच फाईल नीट दिसते. टीव्हीसाठी इलाज एकच: एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅमनं अक्षरं चित्रातच भाजून टाकायची, म्हणजे ती चित्राचाच भाग होतात. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, काळी कड जाड.

भाजताना क्रम महत्त्वाचा. चित्रात आडव्या दात्यांसारख्या रेघा दिसत असतील तर आधी डीइंटरलेस (त्या रेघा काढणं), मग चौकोनी पिक्सेलवर मोजमाप (चित्राची रुंदी-उंची ४:३ असेल तर ७६८ बाय ५७६, १६:९ असेल तर १०२४ बाय ५७६), आणि शेवटी अक्षरं. मोजमापाआधी अक्षरं टाकली तर ती टीव्हीवर ताणलेली दिसतात. पाल चित्रपट मुळात प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे त्याची प्रत्येक फ्रेम अख्खी असते, त्याला डीइंटरलेस लावलं तर कडा उगाच मऊ होतात. ४:३ मध्ये काळ्या पट्ट्यांसह आलेल्या एक्स्ट्रात खालची पट्टी ७२ पिक्सेलचीच असते. वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरून तिथं दोन ओळी मावत नाहीत. एक ओळ पट्टीत बसवा, दुसरी असेल तर चित्रावर चढू द्या. क्लॅपबोर्डवरची इंग्रजी पाटी वर दाखवायची असेल तर ओळीला एएन८ टॅग (ओळ पडद्याच्या वरच्या बाजूला नेणारी खूण) लागतो. भाजताना तो चालतो, पण नुसती एसआरटी लावली की काही टीव्ही टॅगच मजकूर म्हणून छापतात.

विजेचं काय, हे आपल्याकडं विचारावंच लागतं. एमपी४ प्रकारच्या फाईलमध्ये भाजत असताना लाइन गेली आणि लॅपटॉप बंद पडला तर फाईल उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते. एमकेव्ही प्रकारची फाईल जिथपर्यंत झाली तिथपर्यंत तरी चालते. म्हणून आधी एमकेव्ही करा, लागलंच तर नंतर आतलं चित्र-आवाज तसंच ठेवून नुसता फाईलचा प्रकार बदलून एमपी४ करा. त्याला काही क्षण लागतात. प्रत्येक एक्स्ट्रा वेगळ्या फाईलमध्ये ठेवला की लाइन गेल्यावर एकाचंच नुकसान. मे महिन्यात चंद्रपूर-यवतमाळकडं पारा ४५ च्या वर असतो, दुपारी लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो. पहाटे लावून द्या. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला असेल तर एका फाईलला ४ जीबीची मर्यादा आहे.

डिस्का टिनाखालच्या मांडणीत ठेवू नका. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या. उन्हाळ्यात ती वाकली की बाहेरच्या कडेचा भाग वाचताना ड्राइव्ह अडखळतं. डिस्क उतरवून घेणारा मेकएमकेव्ही प्रोग्रॅम एकाच जागी चूक दाखवत असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा, निकाल बदलतो. पुसायचं ते मऊ सुती कापडानं, मधून बाहेर सरळ रेषेत. गोल पुसलं तर चरा ट्रॅकच्या दिशेनं पडतो आणि सलग माहिती जाते. टूथपेस्टचा उपाय कुणी सांगितला तर करू नका. आणि ही फाईल घरच्या टीव्हीपुरतीच. गणपतीच्या मांडवात पडदा लावून दाखवायची तर तो सार्वजनिक खेळ होतो, त्याला परवानगी लागते.

अर्धवट चित्रांचे काढून टाकलेले प्रसंग जुळवून झाले. कॉमेंटरीची पहिली वीस मिनिटं झालीत. तिथं एकाच श्वासात तिघं बोलतात, म्हणून सबटायटलमध्ये बोलणाऱ्याचं नाव लिहायचं की रंग द्यायचा, हे अजून ठरलेलं नाही. भाजायचंच असेल तर रंग चालेल, पण जुन्या टीव्हीवर पिवळा आणि पांढरा वेगळा दिसत नाही. पुढची चाचणी निळसर आणि पांढऱ्या रंगावर आहे.