तुम्ही विचारलंत म्हणून: मजकूर साफ करायला कमांड लाइन कशाला?

जुन्या पुस्तकांचा स्कॅन करून काढलेला मराठी मजकूर मी साफ करते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "वर्डमध्ये फाइंड-रिप्लेस आहे की! मग त्या काळ्या खिडकीत टाइप करत कशाला बसायचं?"

कारण मराठी मजकुरातली बरीचशी घाण डोळ्यांना दिसतच नाही. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. कुणी त्यात खाली नुक्ता असलेला ऱ टाइप करून त्याला हलन्त देतं. कुणी साधा र, मग हलन्त, मग झेडडब्ल्यूजे, म्हणजे रुंदीच नसलेलं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. ग्रेपने, म्हणजे मजकुरातल्या ओळी शोधणाऱ्या कमांडने, शोधायला जावं तर एकच सापडतो, समोर दिसत असलेली ओळ हाती लागत नाही. तीच ओळ ओडी या कमांडला देऊन तिचे बाइट, म्हणजे संगणक अक्षरं ज्या आकड्यांत साठवतो ते, सोळा-आधारी अंकांत पाहिले की र-हलन्तानंतर ई२ ८० ८डी असे तीन बाइट लपलेले दिसतात.

इंटरनेटवरच्या तयार स्क्रिप्टा (छोटे प्रोग्राम) अशी अदृश्य चिन्हं सरसकट उडवतात. इंग्रजीत ते सहसा खपून जातं. मराठीत जोडचिन्ह उडवलंत की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, 'आचाऱ्यांना बोलवा'चं 'आचार्यांना बोलवा' होतं. दोन्ही शब्द शुद्ध, त्यामुळे स्पेलचेकरही काही बोलत नाही. म्हणून माझ्या सेडच्या (नियमांप्रमाणे मजकूर बदलणाऱ्या कमांडच्या) फायलीतली पहिली ओळ र-हलन्त-जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ-हलन्त घालते. उरलेल्या जोडचिन्हांचा विचार त्यानंतर, एकेक शब्द पाहून.

कुठलीही फाइल आली की मी आधी एक मोजणी करते. ग्रेपला ओ हा पर्याय देऊन प्रत्येक चिन्ह वेगळ्या ओळीवर काढायचं, ते पाइपने (एका कमांडचं उत्तर थेट पुढच्या कमांडला देणाऱ्या | या चिन्हाने) क्रम लावणाऱ्या सॉर्टला, तिथून सारख्या ओळी एकत्र करणाऱ्या युनिकला मोजायला, आणि आकड्यांप्रमाणे पुन्हा सॉर्टला. सॉर्ट आणि युनिक चालवताना लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, 'सी' ठेवायचं, म्हणजे तुलना बाइटप्रमाणे होते. यादीचा वरचा भाग बघायची गरज नसते, तिथे काना, र, त हीच मंडळी. मी वाचते ते शेपूट. दंडाच्या जागी आलेली पाइपची रेघ, शून्याच्या जागी इंग्रजी ओ, कुठून तरी घुसलेलं बंगाली अक्षर, सगळं तिथे. अ वर चंद्र ठेवून केलेला 'ॲ' मात्र या यादीत अ आणि चंद्र असा सुटा मोजला जातो, तो वेगळा शोधावा लागतो. स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात) २००८ साली आला, तेव्हा त्याआधीच्या फायलींत तो जोडलेला असू शकतो.

विसर्गाचं काम जास्त चिकट आहे. 'दु:ख'मध्ये विसर्गाऐवजी कोलन पडलेला असतो. दोन मराठी अक्षरांमध्ये जागा न सोडता आलेला कोलन बदलायला हरकत नाही, १०:३० मधला मात्र वगळायचा. पण 'स्वत:' आणि 'उदाहरणार्थ:' यांच्यातला फरक कुठल्याच नियमाला कळत नाही. शेवटी कोलन असलेल्या शब्दांची यादी काढून ती मी स्वतः वाचते.

एक सावधगिरी: लिनक्सवरचा टीआर, म्हणजे एकेक चिन्ह बदलणारी किंवा काढणारी कमांड, बाइटवर चालतो. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडचे क्रमांक बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) तीन बाइटांचं, आणि त्यांतला पहिला सगळ्यांचा सारखाच. टीआरला एक अवग्रह काढायला सांगितलात तरी अख्खी फाइल जाते.

ही साधनं अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेतली, ग्रेप आणि सेड १९७३-७४ च्या सुमाराची, ऑक हे मजकुरावर ओळीओळीने काम करणारं साधन १९७७ चं. त्या वेळी देवनागरीचा विचार कुणी केला नव्हता. ऑकच्या तीन कर्त्यांपैकी ब्रायन केर्निघन यांनी २०२२ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, आपल्या मूळ ऑकमध्ये स्वतः यूटीएफ-८ ची सोय केली. मला याचं अतिशय कौतुक वाटतं.

आणि फाइंड-रिप्लेसबद्दल म्हणाल, तर तिथे काय काय बदललं याची नोंद आपोआप मागे राहत नाही. माझी सेडची फाइल दुसऱ्या कुणालाही वाचता येते, तिच्यातल्या एखाद्या ओळीवर वाद घालता येतो, ती ओळ काढून सगळं पुन्हा चालवता येतं. मूळ फाइलला मी हात लावत नाही. नवी तयार झाली की दोन्हींवर डिफ, म्हणजे दोन फायलींतला फरक दाखवणारी कमांड, लावते आणि बदललेल्या ओळी वाचायला बसते.