जनगणनेत नुसतं 'आयर्लंड' लिहिलंय, मग गाव कसं शोधायचं?

हा प्रश्न आम्हाला सारखा येतो. पूर्वज लिव्हरपूलच्या जनगणनेत सापडतात, पण जन्मस्थळाच्या रकान्यात एकच शब्द: आयर्लंड. यात लिहिणाऱ्याची हयगय नव्हती. 1851 पासून इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांची पॅरिश (चर्चचा परिसर) आणि काउंटी (जिल्हा) विचारली जायची, बाहेरच्यांना देशाचं नाव पुरे होतं. तरी एखादा गणक 'मेयो' असं आयर्लंडमधल्या काउंटीचं नाव लिहून जातो, म्हणून दर दहा वर्षांचं पान उघडाच.

मुलांची जन्मस्थळंही वाचा. समजा 1861 मध्ये थोरला 14 वर्षांचा, जन्म आयर्लंड. धाकटी 11 वर्षांची, जन्म लिव्हरपूल. म्हणजे कुटुंब साधारण 1847 ते 1850 च्या दरम्यान, आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळातच, समुद्र ओलांडून आलं. मग थोरल्याचा बाप्तिस्मा आयर्लंडमधल्या नोंदवह्यांत शोधायचा. तिथे नावं बरेचदा लॅटिनमध्ये असतात: जेम्सचा जेकोबस, विल्यमचा गुलिएल्मस.

खुद्द आयर्लंडच्या 1911 पर्यंतच्या जनगणनांपैकी फक्त 1901 आणि 1911 च्या पूर्ण उरल्या आहेत; डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. त्यांतही जन्मस्थळ म्हणून काउंटी किंवा शहरच मिळतं. 1861 आणि 1871 चे कागद सरकारनंच नष्ट केले, 1881 आणि 1891 चे पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेले. 1821 ते 1851 ची बहुतेक पानं 1922 च्या जूनमध्ये डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीच्या आगीत जळाली. हे नुकसान भरून येणारं नाही.

पण एक वाट उरली आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक वळतात. 1909 पासून सत्तरीच्या वृद्धांना पेन्शन मिळू लागलं. सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद 1864 मध्ये सुरू झालेली, त्यामुळे त्यांच्याकडे दाखला कुठला असणार? म्हणून 1841 आणि 1851 च्या पानांत त्यांचं वय शोधलं जायचं. पानं जळाली, पण त्या शोधाचे अर्ज वाचले. अर्जात आईवडिलांची नावं, काउंटी, पॅरिश आणि टाउनलँड, म्हणजे आपल्या वाडीएवढी जागा, असते. काही अर्जांवर तर 1851 चं सगळं कुटुंब उतरवून घेतलंय. तेव्हा परदेशी गेलेल्या पूर्वजाच्या नावावर अडून बसू नका, मागे राहिलेल्या भावाबहिणींचे अर्ज शोधा. विवाहित बहीण सासरच्या आडनावानं असेल. वयावर मात्र विसंबू नका: 1901 मध्ये 58 सांगणारा माणूस 1911 मध्ये 71 सांगतो, म्हणून जन्मवर्षाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा वर्षं शोधा.