पुढून गाडी सुटत असेल तर हात मागे घाला

आमच्याकडे जळगावात कोणी गाडीचं सस्पेन्शन करून आणलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय भो, किती खाली केली?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "कडक झाली का मग?" दोन्ही प्रश्न पार्किंगमध्ये ठीक आहेत. ट्रॅकवर न्यायची असेल तर मला एवढंच विचारावंसं वाटतं की वळणात आधी पकड कोण सोडतं, पुढचे टायर की मागचे, आणि वळणाच्या कुठल्या भागात सोडतात? याचं उत्तर येत नाही तोवर कोणी एक रुपयाचा पार्ट घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी गाडी सेकंडहँड मिनी कूपर एस, आर५६ पिढीतली, १.६ टर्बो, १८४ हॉर्सपॉवर. इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, ड्राइव्हही पुढच्याच चाकांना, म्हणजे वळायचं कामही त्यांच्याकडे आणि ओढायचंही त्यांच्याकडेच. अशी गाडी हद्दीपर्यंत नेली की नाक बाहेर जाणारच, म्हणजे पुढचे टायर सुटून गाडी हवी तेवढी वळणार नाही. मुळात रस्त्यावरच्या जवळपास सगळ्याच गाड्या, मागून ओढणाऱ्या स्पोर्ट्स कारसुद्धा, कंपन्या मुद्दाम अशाच सेट करून देतात, कारण घाबरलेला माणूस अ‍ॅक्सिलरेटर सोडतो आणि तेव्हा नाक बाहेर जाणारी गाडी आपोआप सावरते, शेपूट बाहेर काढणारी सावरत नाही. रस्त्यासाठी हे बरोबरच आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर दहाव्या-अकराव्या टर्नला, जिथे उजवीकडचं वळण संपता संपत नाही, तिथे स्टिअरिंग अजून थोडं, अजून थोडं फिरवत राहायचं आणि गाडी आपली बाहेरच्या पांढऱ्या पट्टीकडे सरकत राहते. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी थांबवायच्या जागेत, आल्यावर डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड बघा, रबराच्या गोळ्या चिकटलेल्या असतात आणि साइडवॉलपर्यंत घासलेलं असतं.

आता इथे बहुतेक जण काय करतात, तर पुढचे स्प्रिंग कडक करतात, कारण पुढून सुटतेय म्हणजे पुढेच काहीतरी कमी पडतंय असं वाटतं. इथंच सगळं उलटं आहे आणि याच्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय.

समजा गाडी ड्रायव्हरसकट १२५० किलो, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटर वर आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १४५ सेंटीमीटर. १ जी ने, म्हणजे गाडीच्या वजनाइतकाच जोर तिला बाजूला ढकलेल असं, वळलात तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन म्हणजे १२५० गुणिले ५५ भागिले १४५, साधारण ४७५ किलो. हा आकडा स्प्रिंग मऊ असो की दगडासारखा, जवळपास तोच राहतो! स्प्रिंग कडक केल्याने गाडी झुकते कमी, पण वजन सरकतं तेवढंच. मग सस्पेन्शनने आपण बदलतो तरी काय? तर त्या ४७५ किलोची वाटणी, पुढच्या जोडीत किती आणि मागच्या जोडीत किती. बापाची जमीन तेवढीच आहे, कोणत्या भावाच्या वाट्याला किती लावायची एवढंच आपल्या हातात. जी जोडी झुकण्याला जास्त कडक, तिच्या वाट्याला जास्त.

आणि टायरचा स्वभाव असा की त्याच्यावर वजन दुप्पट टाकलं म्हणून पकड दुप्पट मिळत नाही, थोडी कमीच मिळते. म्हणजे आतला टायर हलका आणि बाहेरचा जड झाला की त्या जोडीची एकूण पकड घटते. जितकं जास्त वजन इकडून तिकडे, तितकं जास्त नुकसान. पुढचं सस्पेन्शन कडक केलं तर सरकणारं वजन पुढच्याच जोडीत जास्त सरकतं आणि जी बाजू आधीच थकलीय तिचीच पकड आपण अजून काढून घेतो. मागचा अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं झुकणं रोखणारा लोखंडी दांडा, जाड केला तर वाटणी मागे सरकते, मागचे टायर जरा जास्त राबतात, पुढच्यांना श्वास मिळतो. पुढच्या ड्राइव्हच्या गाडीला दुसरा फायदा असा की आतलं पुढचं चाक जमिनीवर नीट दाबलेलं राहतं, म्हणून वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते चाक नुसतं गरगर फिरत नाही.

बारच्या बाबतीत एक हिशेब लक्षात ठेवा, भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरचा काढून २२ चा टाकला तर ऐकायला दोनच मिलिमीटर वाटतात पण बार जवळजवळ ४६ टक्के कडक होतो. म्हणून "सगळ्यात जाड कुठला मिळतो तो मागव" हे कधीच करू नका. टोकाला दोन-तीन भोकं असलेला अ‍ॅडजस्टेबल घ्या. लिंक रॉड, म्हणजे बारला सस्पेन्शनशी जोडणारी कांडी, टोकाच्या भोकात लावली की हात लांब होतो, बार मऊ वागतो. आतल्या भोकात लावली की हात आखूड, बार कडक. सुरुवात कायम मऊ भोकापासून करायची. मी मागचा बार बदलला तेव्हा बाकी कशालाही हात लावला नव्हता, ना हवा, ना शॉकअप, ना अलाइनमेंट, त्यामुळे फरक कशाने पडला याबद्दल काही शंकाच उरली नाही. एका वेळी एकच बदल, हा नियम कंटाळवाणा वाटतो पण याच्याशिवाय दुसरा रस्ता मला माहीत नाही.

खाली करण्याबद्दल. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात) असलेली गाडी जास्त खाली केली की लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, चाकाच्या बाजूला वर चढतो. एकदा तो तसा झाला की गाडी झुकताना चाकाला निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे वरून आतल्या बाजूला झुकाव, मिळायचं बंद होतं, उलट जायला लागतं. शिवाय गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटर, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली उतरतो, म्हणजे झुकवणारा हात लांब होतो. गाडी खाली, आणि झुकायची ओढ जास्त. हे ऐकून लोक माझ्याकडे बघतच राहतात. आणि तिसरी गोष्ट बंप स्टॉप, म्हणजे शॉकअप पूर्ण दबला की त्याला अडवणारं रबर. खाली केलेल्या गाडीत शॉकअपचा प्रवास, म्हणजे दबायची जागा, उरतो थोडा, वळणात मध्येच तो रबरावर जाऊन आपटतो, त्या क्षणी ते चाक एकदम अति कडक होतं आणि नाक सरळ बाहेर. माणूस म्हणतो टायर संपले. टायर नाही हो संपले, प्रवास संपला. शोधायची युक्ती अगदी स्वस्तातली आहे, शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर प्लास्टिकची केबल टाय घट्ट बांधा, शॉकअपच्याच बॉडीला टेकवून ठेवा आणि चार-पाच लॅप मारून या. ती टाय वर कुठपर्यंत सरकली ते दिसतं. बंप स्टॉपला जाऊन चिकटली असेल तर गाडी थोडी वर घ्या, पुढचा स्प्रिंग थोडासा कडक करायचं हे एक खरं कारण आहे.

अलाइनमेंट मी घरच्या अंगणात करतो. मशीनवाले छान काम करतात, पण मशीनवर कंपनीचा हिरवा पट्टा आला की काम झालं अशी पद्धत आहे आणि मला हवे असलेले आकडे त्या हिरव्या पट्ट्याच्या बाहेरचे. चारही चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत फरशा, मधे भरपूर ग्रीस, म्हणजे चाक अडकत नाही आणि सस्पेन्शन खरंखुरं बसतं. फरशीची लेव्हल पाण्याच्या नळीने काढायची, गवंडी काढतात तशीच. ड्रायव्हरच्या सीटवर ज्वारीची पोती, माझ्या वजनाइतकी, कारण मी बसल्यावर गाडी जशी बसते तशीच मोजायची असते. मग दोन्ही बाजूंना गाडीला समांतर नायलॉनचा दोरा ताणायचा आणि स्टीलच्या पट्टीने रिमची पुढची कड आणि मागची कड दोऱ्यापासून किती लांब आहे ते वाचायचं. अर्धा मिलिमीटर नीट वाचता येतो. आई आधी विचारायची पोतं गाडीत कशाला, आता स्वतःच सांगते अजून थोडी घाल, वजन वाढलंय तुझं.

सध्या पुढे अडीच डिग्री निगेटिव्ह कॅम्बर आहे. या गाडीत कंपनीकडून पुढचा कॅम्बर बदलायची सोयच नसते, त्यासाठी वर कॅम्बर प्लेट टाकाव्या लागतात. मागे दीड डिग्री. पुढे टो (वरून बघितलं तर चाकांची पुढची कड आत किंवा बाहेर वळलेली असणं) अगदी किंचित बाहेर, म्हणजे गाडी वळणात चटकन शिरते. मागचा टो मात्र किंचित आतच. मागे टो-आउट देऊन गाडी फिरवायचा सल्ला काही जण देतात, तो हायस्पीड ट्रॅकला मला मान्य नाही, ब्रेक मारताना मागची बाजू वळवळायला लागते. कॅम्बर बरोबर आहे का ते टायर सांगतो, सुई टोचून तापमान घेणारा प्रोब घ्या आणि गरमागरम पिटमध्ये येऊन आत, मध्ये, बाहेर अशा तीन ठिकाणी मोजा. बंदुकीसारखं लेझरवालं यंत्र फक्त वरची कातडी वाचतं, आणि ती पिटलेनमध्येच गार होते. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा थोडी गरम असेल तर ठीक. बाहेरची जास्त तापली तर कॅम्बर कमी पडतोय.

हवेबद्दल आपल्या खान्देशातल्या माणसाने जास्तच जपायला पाहिजे. टायरमधली हवा साधारण सहा डिग्रीला १ पीएसआय बदलते. जळगावात दुपारी २८ डिग्रीला हवा भरली आणि जानेवारीत सकाळी नोएडाकडे ८ डिग्रीत ट्रॅकवर उतरलात तर काही न करता तीनेक पीएसआय कमी झालेले असतात. आणि आपल्या मे महिन्यात भुसावळला ४५ डिग्री असताना उन्हात उभ्या गाडीची हवा बघून सेटिंग ठरवलं तर ते सेटिंग नाहीच. थंड आकडा वहीत लिहा, पण ठरवा गरम आकड्यावर, तोही चारही टायरचा वेगवेगळा, कारण उजव्या वळणांच्या ट्रॅकवर डावे टायर जास्त तापतात. कंपनीने दिलेले रनफ्लॅट टायर, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, ट्रॅकसाठी काढलेलेच बरे, त्यांच्या जाड साइडवॉलचा स्वभावच वेगळा आहे. फक्त मिनीत स्टेपनी नसते, म्हणून रस्त्यावर पंक्चर किट आणि हवेचा पंप सोबत पाहिजेच.

शॉकअपच्या क्लिक, म्हणजे त्याचा कडकपणा कमी-जास्त करायचे टप्पे, सगळ्यात शेवटी. गाडी वळणात शिरताना आणि बाहेर पडताना, म्हणजे झुकतेय किंवा सरळ होतेय तेवढ्या वेळात शॉकअपचं राज्य असतं. मधल्या स्थिर भागात ना बंप (शॉकअप दबतानाचा कडकपणा) काम करतो ना रिबाउंड (परत उघडतानाचा), तिथे स्प्रिंग आणि बार. त्यामुळे लांब वळणात नाक जात असेल तर क्लिक फिरवून काही होणार नाही. रिबाउंड फार बंद केला तर खडबडीत पट्ट्यावर चाक वेळेवर खाली येत नाही, गाडी हळूहळू स्वतःच खाली बसत जाते, आणि परत बंप स्टॉप.

एक गोष्ट मनापासून सांगतो. मागचा बार कडक केलेली गाडी वळणात मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की शेपूट बाहेर काढते. ट्रॅकवर तेच तर हवं असतं, पाय थोडा उचलून नाक आत आणता येतं. पण हे कन्नडच्या घाटात किंवा लळिंगला तपासायला जाऊ नका, समोरून गाड्या येत असतात आणि तिथे रनऑफ, म्हणजे सुटलेल्या गाडीला थांबायला मोकळी जागा, नाही, दरी आहे. थंड टायरवर पहिले दोन लॅप गप्प चालवायचे. पावसाळ्यात मी मागची लिंक रॉड मऊ भोकात नेतो, कारण ओल्या रस्त्यावर वजन सरकतंच कमी, गाडी झुकत नाही, आणि कडक मागची बाजू काही न सांगता सुटते. दोन्ही बाजूंची लिंक एकाच भोकात आहे ना ते गाडी चारही चाकांवर उभी असताना बघायचं, जॅकवर नाही, आणि नट टॉर्क रेंचनेच आवळायचे.